ओट्यावरची गोदी

मुलांच्या छंदांची यादी निघाली की त्यात ठरलेली नावं येतात: चित्रकला, अबॅकस, कराटे, कीबोर्ड, भरतनाट्यम्. प्रत्येकाचा क्लास असतो, फी असते, परीक्षा असते आणि शेवटी फ्रेम करून भिंतीवर लावायला एक सर्टिफिकेट असतं. आज ज्या छंदाबद्दल लिहितेय त्याला यातलं काहीच नाही. तो म्हणजे जहाजांच्या छोट्या प्रतिकृती बनवण्याचा छंद. आमच्या ओरत्तनाडूत गेल्या वर्षभरापासून पाच मुलांनी तो धरलाय. दर रविवारी दुपारी आमच्या ओट्यावर त्यांची गोदी भरते. त्यावरून दोन घरांत वादही झालेत. म्हणून म्हटलं, या वेळी आपल्या सदरात हाच विषय घेऊया.

समुद्र नसलेल्या गावात जहाजं?

ज्यांना ओरत्तनाडु माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तंजावरहून दक्षिणेला पट्टुकोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव आहे. भाताची शेतं, नारळाच्या बागा आणि कल्लणै कालव्याचं पाणी. समुद्र इथून दिसत नाही, त्याचा वासही येत नाही. मग इथल्या मुलांना जहाजाचं वेड कुठून?

थोडं मागे गेलं की उत्तर सापडतं. तंजावरचे सरफोजीराजे दुसरे, ज्यांची कारकीर्द 1798 ते 1832, त्यांनी मुक्तांबाळच्या नावाने इथे छत्रम बांधलं. रामेश्वरच्या यात्रेकरूंना अन्न आणि निवारा देणारं हे छत्रम होतं आणि तिथे मुलांची शाळाही चालायची. त्या नावावरून गावाला मुक्तांबाळपुरम् असंही म्हणत. याच राजाने समुद्रकाठी, मल्लिपट्टिणम् गावाजवळ, 1814-15 मध्ये एक आठ मजली षट्कोनी बुरूज उभारला. निमित्त होतं इंग्रजांनी नेपोलियनवर मिळवलेल्या विजयाचं. आज सगळे त्याला ‘मनोरा’ म्हणतात. त्यावर वेगवेगळ्या भाषांमध्ये शिलालेख आहेत आणि त्यात आपली मराठीही आहे. जहाजांना वाट दाखवायला या बुरुजाचा उपयोग व्हायचा, आणि राजाने तिथे जहाजबांधणीची गोदीही सुरू केली होती असं सांगतात. 2004 च्या त्सुनामीत मनोऱ्याचं नुकसान झालं. पुढे त्याची दुरुस्ती झाली.

तर आमच्या मुलांच्या वेडाची सुरुवात या मनोऱ्यापासून झाली. माझ्या आत्याचा मुलगा नववीत आहे. तो मित्रांबरोबर मनोरा बघायला गेला आणि येताना मल्लिपट्टिणम्च्या बंदरावर थांबला. तिथे किनाऱ्यावर ओढून ठेवलेली एक होडी दुरुस्तीला होती. तिच्या फळ्या काढलेल्या होत्या, त्यामुळे आतल्या फासळ्या दिसत होत्या. घरी आल्यावर तो मला म्हणाला, “अक्का, होडीला पण आपल्यासारख्या बरगड्या असतात!” पुढच्या रविवारी आइस्क्रीमच्या काड्या, पुठ्ठा आणि फेविकॉल घेऊन तीन मुलगे आणि दोन मुली आमच्या ओट्यावर हजर झाली.

पहिली होडी आणि तंजावरची बाहुली

पहिली होडी दिसायला झकास होती. उंच डोलकाठी, जुन्या सुती साडीचं शीड, नाळेवर रंगवलेले डोळे. टबात सोडली आणि लगेच आडवी झाली. पुन्हा उभी केली, पुन्हा आडवी.

आपण मोठी माणसं अशा वेळी पटकन उत्तर सांगून टाकतो. मी तेवढं टाळलं आणि शोकेसमधली तंजावरची बाहुली आणून टबाशेजारी ठेवली. गोल, जड बुडाची ती राजा-राणीची बाहुली तुम्ही पाहिली असेल. कितीही ढकला, डुलत डुलत पुन्हा उभी राहते. मुलांनी ती पाच-सहा वेळा पाडून बघितली. मग एक मुलगा, जो एरवी फारसा बोलत नाही, तमिळमध्ये म्हणाला, “वजन वर आहे. जाळं कोणी डोलकाठीला टांगून ठेवतं का?”

त्याने अंगणातले चार गुळगुळीत खडे घेतले, होडीच्या तळाशी मधोमध ठेवले आणि सागवानी डोलकाठी काढून तिथे बांबूची बारीक काडी लावली. होडी उभी राहिली. मग एका मुलीने उत्साहाने आणखी खडे टाकले, तर होडी उभी राहिली खरी, पण झटके दिल्यासारखी डोलायला लागली. खऱ्या जहाजाचंही असंच असतं. तळाशी फार वजन झालं तर जहाज उलटत नाही, पण इतकं झटक्याने डोलतं की आतल्या माणसांचे हाल होतात. वजन किती हवं आणि ते नेमकं कुठे हवं, हा तोल साधावा लागतो. नववीच्या पुस्तकात तरंगण्याचा नियम आहेच. टबातली आडवी होडी बघितल्यावर तो पाठ करावा लागला नाही.

गणित इथे लपलेलं असतं

दुसरी होडी करताना ठरलं की आता ‘मापात’ करायची. मापात म्हणजे खऱ्या होडीच्या अमुक पट लहान. इथे एक गंमत आहे, आणि ती मला इंग्रजीत बीए केलेल्या मुलीलाही वहीवर आकडे मांडल्यावरच नीट कळली.

समजा खरी होडी 10 मीटर लांब आणि 5 टन वजनाची आहे. तिची 50 पट लहान प्रतिकृती केली तर लांबी होईल 20 सेंटिमीटर. आणि वजन? मुलांनी पटकन उत्तर दिलं, 100 किलो! मग स्वतःच हसली. लांबी 50 पट कमी, रुंदी 50 पट कमी आणि उंचीही 50 पट कमी. म्हणजे आकारमान 50 गुणिले 50 गुणिले 50, अर्थात 1,25,000 पट कमी. 5,000 किलोला 1,25,000 ने भागलं की येतात फक्त 40 ग्रॅम! लाकूड, गोंद, रंग सगळं धरून होडी 40 ग्रॅमची व्हायला हवी. आइस्क्रीमच्या काड्यांची होडी सहज त्याच्या दुप्पट-तिप्पट भरते आणि पाण्यात जास्त बुडते. म्हणूनच तरंगणारी प्रतिकृती करणारे लोक बाल्सासारखं हलकं लाकूड वापरतात, नाहीतर मोठ्या मापाची होडी करतात.

वेगाचं गणित आणखी वेगळं आहे. विल्यम फ्राउड नावाच्या इंग्रज इंजिनिअरने 1870 च्या दशकात इंग्लंडमध्ये टॉर्की इथे पाण्याचं लांबलचक टाकं बांधून त्यात जहाजांच्या प्रतिकृती ओढून बघितल्या. त्याच्या नियमाप्रमाणे प्रतिकृती 25 पट लहान असेल तर तिचा वेग 5 पट कमी ठेवायचा, म्हणजे 25 च्या वर्गमुळाइतका. तेव्हाच तिच्याभोवतीच्या लाटा खऱ्या जहाजाच्या लाटांसारख्या उठतात. आजही मोठी जहाजं बांधण्याआधी जगभर अशाच टाक्यांमध्ये त्यांच्या प्रतिकृती तपासतात. म्हणजे आपण ज्याला खेळणं म्हणतो, तो जहाजबांधणीच्या कामाचाच एक टप्पा आहे.

याचं ताजं उदाहरण आपल्या देशातलंच आहे. अजिंठ्याच्या लेण्यात एका जहाजाचं चित्र आहे, साधारण 5 व्या शतकातलं. त्या चित्रावरून भारतीय नौदलासाठी ‘कौंडिण्य’ हे शिडाचं जहाज गोव्यात बांधलं गेलं. केरळचे बाबू शंकरन आणि त्यांच्या कारागिरांनी त्याच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवल्या. हो, शिवल्या! फळ्या जोडायला खिळे नाहीत. हाताशी नकाशा नव्हता, होतं फक्त चित्र. मग ते समुद्रात टिकेल कशावरून? त्यासाठी आयआयटी मद्रासच्या महासागर अभियांत्रिकी विभागाच्या मदतीने आधी प्रतिकृतीवर चाचण्या झाल्या. मे 2025 मध्ये कारवारला हे जहाज नौदलात दाखल झालं, डिसेंबरच्या शेवटी पोरबंदरहून निघालं आणि जानेवारी 2026 मध्ये, ऐन संक्रांतीच्या सुमारास, ओमानच्या मस्कतला पोचलं. आमच्या ओट्यावर ती बातमी तीनदा वाचली गेली. काथ्या तर आमच्या पट्टुकोट्टै भागात पैशाला पासरी! आता पुढची होडी काथ्याने शिवायची असं मुलांनी ठरवलंय.

पहिला वाद: “दहावी तोंडावर आलीय”

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल, वा, किती छान. माझ्या आत्याला तसं वाटलं नाही. “अगं, पुढच्या वर्षी दहावी. शेजारचा मुलगा रविवारी ट्यूशनला जातो आणि आमचा खडे मोजत बसतो. याचं पुढे काय होणार?”

आत्याचा प्रश्न चुकीचा नाही. ज्या आईला मुलाच्या ॲडमिशनची रात्रंदिवस काळजी आहे तिला ‘छंदाने व्यक्तिमत्त्व घडतं’ असं पुस्तकी उत्तर देऊन चालत नाही. म्हणून मी तिच्यासमोर खरी माहिती ठेवली, तीच तुमच्यासमोरही ठेवते.

एनसीसीची नौदल शाखा आपल्याकडे 1952 पासून आहे. तिच्या कॅडेट्सना शिप मॉडेलिंग, म्हणजे जहाजाच्या प्रतिकृती करणं, रीतसर शिकवतात. अखिल भारतीय नौसैनिक शिबिरात वल्ही मारण्याच्या आणि झेंड्यांनी संदेश देण्याच्या स्पर्धांबरोबर शिप मॉडेलिंगचीही स्पर्धा असते. त्यात नुसतं मांडून ठेवायचं मॉडेल, शिडावर चालणारं मॉडेल आणि मोटरवर चालणारं मॉडेल असे प्रकार असतात. पुढे कुणाला खरंच जहाजं बांधायची असतील तर त्याचं पूर्ण इंजिनिअरिंग आहे. आयआयटी मद्रास आणि आयआयटी खरगपूर, कोचीचं विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ, इंडियन मेरीटाइम युनिव्हर्सिटीचा विशाखापट्टणमचा विभाग, इथे नेव्हल आर्किटेक्चर शिकवतात.

हे ऐकून आत्या थोडी शांत झाली. पण मी तिला असंही म्हटलं, “आत्या, तो जहाजाचा इंजिनिअर होईल म्हणून हे करू दे असं मी म्हणत नाही. आठवड्यातून दोन तास हाताने काम करतो, चुकतं, सोडून देत नाही, पुन्हा करतो. एवढं पुरे नाही का?” शेवटी तह झाला. रविवारी 3 ते 5, बस. परीक्षेच्या आधीचे तीन आठवडे सुट्टी. मुलांनीही तो मान्य केला आणि ओट्याच्या खांबावर खडूने वेळ लिहून टाकली.

दुसरा वाद: “समुद्राने घेतलं ते पुरे”

दुसरा वाद सोपा नव्हता. तो त्या कमी बोलणाऱ्या मुलाच्या घरचा.

16 नोव्हेंबर 2018 ला ‘गाजा’ वादळ आमच्या भागावर आलं. तंजावर, पुदुकोट्टै, तिरुवारूर, नागपट्टिणम् या जिल्ह्यांत नारळाच्या बागांच्या बागा झोपल्या, किनाऱ्यावरच्या होड्या एकमेकींवर आदळून फुटल्या. या मुलाचे वडील तिकडचेच मच्छीमार. त्यांची होडी तेव्हा फुटली. त्यानंतर ते दुसऱ्यांच्या बोटीवर मजुरीने जायला लागले आणि मुलाला शिकायला इकडे आजीकडे ओरत्तनाडूत पाठवलं. उद्देश एकच: या मुलाने शिकावं, नोकरी करावी, समुद्रावर जाऊ नये.

मग आजीला कळलं की नातू रविवारी जातो तो होड्या करायला. त्या माऊलीने आमच्या दारात येऊन सरळ सांगितलं, “त्याला हे शिकवू नका. समुद्राने घेतलं ते पुरे.”

काय बोलणार? आपण शहरी लेखांमध्ये ‘परंपरागत ज्ञान जपा’ असं सहज लिहितो. ज्यांची परंपरा एका रात्रीत लाकडाचा ढीग झाली त्यांना ते सांगायचा आपल्याला काय अधिकार? मी त्यांना पाणी दिलं, ओट्यावर बसवलं आणि म्हटलं, “पाट्टी, मी काही शिकवत नाही. तोच आम्हाला शिकवतो.”

आणि ते खरंच होतं. वर्गात हा मुलगा मागच्या बाकावरचा. गणितात जेमतेम पास. पण ओट्यावर फासळ्यांमध्ये अंतर किती ठेवायचं, नाळेकडे फळी कुठून वाकायला लागते, पाणी आत येतं ते कुठल्या सांध्यातून, हे सगळं त्यालाच ठाऊक. त्याने ते वहीत शिकलेलं नव्हतं. लहानपणी होडीभोवती खेळताना बघितलेलं होतं. 98 टक्के मिळवणारी मुलगी त्याला विचारून फळी कापते आणि तो तिला विचारून मापाचे भागाकार करतो. दोन महिन्यांत त्याचे भागाकार सुधारले, ही गोष्ट मी आजीला सांगितली. मार्कशीटची भाषा सगळ्या घरांत समजते!

आजी लगेच ‘हो’ म्हणाली नाही. पण ‘नको’ही म्हणाली नाही. पुढच्या रविवारी मुलगा आला.

मग मुलांनी ठरवलं की याच्या वडिलांच्या फुटलेल्या होडीची 20 पट लहान प्रतिकृती करायची. मापं कुठून आणायची? फोटो एकच, तोही अंधूक. मग त्याने वडिलांना फोन लावला. वडील मीटर-सेंटिमीटरमध्ये नाही, हाताच्या मापात सांगत होते: इतके हात लांब, इतके हात रुंद, इथे वीतभर उंच. एरवी ‘जेवलास का, अभ्यास कर’ एवढ्यावर संपणारा फोन त्या दिवशी बराच वेळ चालला. मुलगी वही घेऊन हातांचे सेंटिमीटर करत बसली होती.

पोंगलच्या सुट्टीत वडील आले. त्यांनी होडी हातात घेतली, उलटी केली आणि तळाच्या सांध्यावरून अंगठा फिरवला. कौतुक वगैरे काही नाही. म्हणाले, “इथे फळी अजून वाकवायला हवी होती. गरम पाण्यात किती वेळ ठेवली होती?” आणि मांडी घालून ओट्यावर बसले. त्या दिवशी गोदी 5 वाजता बंद झाली नाही, आणि आत्यानेही वेळेची आठवण करून दिली नाही.

हा मुलगा पुढे काय होईल मला माहीत नाही. कदाचित बँकेत जाईल, आजीची इच्छा पूर्ण होईल. ते चांगलंच. पण आपल्या बापाचं काम हे कमी दर्जाचं काम नव्हतं, त्यात डोकं लागत होतं, हे तरी त्याला आता पक्कं माहीत आहे. ओट्यावरच्या बाकी चौघांनाही.

काय बनवायचं?

तुमच्या घरी सुरुवात करायची असेल तर विषयांना तोटा नाही. जवळच्या किनाऱ्यावर किंवा नदीवर जी होडी दिसते ती पहिली करा, कारण ती जाऊन बघता येते. आमच्याकडे वल्लम् आहे, कट्टुमरम् आहे. ‘कट्टुमरम्’ म्हणजे बांधलेलं लाकूड. इंग्रजीतला ‘कॅटामरान’ हा शब्द या आमच्या तमिळ शब्दापासून गेला. लहान मुलांसाठी कट्टुमरम् सगळ्यात सोपं: चार-पाच ओंडके, म्हणजे जाड काड्या, आणि दोरी!

मग आपल्या आरमाराकडे वळा. शिवाजी महाराजांच्या आरमारासाठी कल्याण-भिवंडीच्या खाडीत जहाजं बांधली जात होती. 1659 च्या सुमारास तिथे रुई लैताँव व्हिएगश नावाचा पोर्तुगीज कारागीर आपली माणसं घेऊन कामाला होता. पोर्तुगीज सरकारच्या दबावामुळे ती मंडळी काम सोडून गेली. तरी आरमार थांबलं नाही. 1664 मध्ये मालवणच्या बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला. मराठ्यांच्या आरमारातली गुराब ही दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, पुढे निमुळती होत गेलेली, तोफा असलेली मोठी नाव. गलबत तिच्यापेक्षा लहान आणि हलकं, वारा पडला की वल्ह्यांवर चालणारं. कान्होजी आंग्र्यांच्या काळात या दोघांची जोडगोळी होती. वारा नसला की गलबतं गुराबांना ओढून नेत. दोन्ही शेजारी ठेवली की लढाई डोळ्यांसमोर उभी राहते. महाराष्ट्रात दिवाळीला तुमची मुलं किल्ला करतात ना? त्याच्या शेजारी परातीत पाणी भरून एक गलबत सोडा. आमच्याकडे नवरात्रात बोम्मै कोलु मांडतात. यंदा कोलुच्या पायथ्याशी जो तलाव करतात त्यात मुलांची होडी होती, आणि हळदीकुंकवाला आलेल्या बायका बाहुल्यांच्या आधी तिच्याकडे बघत होत्या.

मुलींनी काय करायचं, असं विचारू नका हं! पुदुच्चेरीच्या रूपा आणि केरळच्या दिलना या नौदलातल्या दोन अधिकारी ‘तारिणी’ या शिडाच्या बोटीतून ऑक्टोबर 2024 मध्ये गोव्याहून निघाल्या आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून मे 2025 मध्ये परत आल्या. आमच्या गटातल्या मुली सध्या ‘तारिणी’च करतायत.

घरची गोदी सुरू करताना

पाच-सहा मुलं पुरेत. जास्त झाली की अर्धी नुसती बघत बसतात. वयं थोडी वेगवेगळी असतील तर उत्तम.

सामान घरातलंच चालतं. फासळ्यांसाठी जाड पुठ्ठा किंवा पातळ प्लायवुड, फळ्यांसाठी आइस्क्रीमच्या काड्या, डोलकाठीसाठी बांबूची काडी, बारीक दांड्यांसाठी नारळाच्या झावळीचे हीर, शिडासाठी जुनं सुती कापड. सुताराकडे मागितलं तर तो उरलेल्या पट्ट्या आनंदाने देतो.

अगदी नवशिक्यांनी एकाच लाकडी ठोकळ्यातून होडी कोरावी. पुढची पायरी म्हणजे पातळ थर एकावर एक चिकटवून मग तासणं. तिसरी पायरी फासळ्या उभ्या करून त्यावर फळ्या लावणं. फळी वाकवायची असेल तर गरम पाण्यात भिजवून हळूहळू वाकवा. घाई केली की मोडते.

साधा फेविकॉल पाण्यात टिकत नाही. होडी तरंगवायची असेल तर वरून ऑइलपेंटचे दोन-तीन हात द्या आणि प्रत्येक हात पूर्ण सुकू द्या.

कटर आणि झटपट चिकटणारा गोंद मोठ्यांच्या हातात. पॉलिश पेपरने घासताना नाका-तोंडावर रुमाल.

चाचणी टबातच करायची. हे मी मुद्दाम ठळक सांगतेय. मेट्टूरचं पाणी सुटलं की आमचा कालवा दुथडी भरून वाहतो आणि वरून शांत दिसला तरी ओढ जबरदस्त असते. होडी वाहून गेली तर दुसरी करता येते. तिच्यामागे मुलाने पाण्यात उतरायचं नाही, हा आमच्या गोदीचा पहिला नियम.

आणि एक मजेदार प्रयोग. टबातल्या साध्या पाण्यात होडी जिथपर्यंत बुडते तिथे पेन्सिलने रेघ मारा. मग दर लिटरला 35 ग्रॅम मीठ या हिशेबाने पाणी समुद्राइतकं खारट करा आणि पुन्हा बघा. होडी किंचित वर येईल. 4 सेंटिमीटर बुडणाऱ्या होडीत फरक जेमतेम 1 मिलिमीटरचा पडतो, म्हणून डोळे पाण्याच्या पातळीला नेऊन बघावं लागतं. खऱ्या मालवाहू जहाजांच्या बाजूला अशाच रेघा असतात, गोड्या पाण्याची वेगळी, समुद्राची वेगळी. जहाजात जास्त माल भरून खलाशांचा जीव धोक्यात घालणाऱ्या मालकांविरुद्ध सॅम्युअल प्लिमसोल या ब्रिटिश खासदाराने लढा दिला, 1876 मध्ये तिकडे कायदा झाला आणि जहाजावर भाराची रेघ दाखवणं बंधनकारक झालं. एका रेघेने किती खलाशी वाचले असतील, याचा विचार मुलांना करू द्या.

शेवटी एकच सांगते. पहिली होडी बुडेल. बुडू द्या. ‘मी सांगितलं होतं ना’ हे वाक्य त्या वेळी गिळून टाका आणि विचारा, “का बुडाली असेल रे?” आणि तुमच्या आसपास कुणाचे आजोबा, मामा, शेजारी होडीवर, सुतारकामात, लोहारकामात असतील तर त्यांना एकदा चहाला बोलवा आणि मुलांची होडी त्यांच्या हातात द्या. ते काय चूक काढतात ते मुलांना ऐकू द्या.

तुमच्या गावात कुठली होडी चालते? तिला काय म्हणतात? मला नक्की कळवा. कोकणातल्या, गोव्यातल्या, नदीकाठच्या मैत्रिणींनो, तुमच्याकडची नावं आणि मापं आली तर आमच्या पोरांच्या वहीत लगेच उतरवून घेऊ. भेटूया पुढच्या वेळी!